रतनमहालला तंबूत मुक्काम करायचाय, अस्वलांपासून काळजी कशी घ्यावी?

वाटसरू_वाडी | सोमवार, रात्री 9:40

मंडळी, होळीनंतरच्या शनिवार-रविवारी आमचा दहा-बारा जणांचा गट गुजरातमधल्या रतनमहाल अभयारण्यात निघालाय. वनखात्याच्या कॅम्पसाइटवर तंबूत एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून धबधब्यापर्यंत पायी, आणि पाय साथ देतील तर आणखी वर. गटात तीन मुलं आहेत, धाकटं सात वर्षांचं. शिवाय माझ्या सासूबाई.

बेत ठरल्यापासून घरात एकच प्रश्न चाललाय, तिथे अस्वलं आहेत ना? आहेतच, अभयारण्यच मुळी त्यांच्यासाठी राखलेलं. नेटवर शोधलं तर सगळी माहिती अमेरिकेतली. खाणं झाडाला टांगा, स्प्रे जवळ बाळगा, काळं असेल तर लढा, तपकिरी असेल तर मेल्याचं सोंग घ्या. आपल्या अस्वलाला यातलं काय लागू पडतं? तिथे राहून आलेल्यांनी, त्या भागात काम केलेल्यांनी सांगावं. उगाच घाबरवू नका, पण काही हातचं राखूनही ठेवू नका. मुलं बरोबर आहेत.

मांडवीकर | सोमवार, रात्री 10:15

वाटसरूताई, सगळ्यात आधी हे डोक्यातून काढून टाका की अस्वल डब्यातल्या ठेपल्यांसाठी तंबू फाडेल. आपलं अस्वल, इंग्रजीत ज्याला स्लॉथ बेअर म्हणतात ते, मुख्यतः वाळवी आणि मुंग्यांवर जगतं. जोडीला मोसमाप्रमाणे बोरं, जांभळं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा, मध, आणि तुम्ही जाताय त्या दिवसांत मोहाची फुलं. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं आणि माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. रात्री सगळं सामसूम असलं की तो आवाज शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो, लोहाराचा भाता चालावा तसा.

माणसावर ते धावून जातं ते भुकेने नाही, दचकून. त्याची नजर अधू, कानही फार तिखट नाहीत, सगळी भिस्त नाकावर. त्यात तोंड वारुळात खुपसलेलं असलं आणि वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येत असला की तुम्ही पाच-दहा पावलांवर पोचेपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. लागतो तेव्हा पळायला वेळ नाही असं त्याला वाटतं. वाघ-बिबट्यांच्या शेजारात वाढलेला प्राणी आहे हा. झाडावर चढून जीव वाचवायची त्याची रीत नाही, बिबट्या झाडावरही येतोच. समोरच्याच्या अंगावर जाणं, हाच त्याचा बचाव.

म्हणून मी नव्या माणसांना एकच सांगत आलोय, आपण येतोय हे त्याला लांबूनच कळू द्या. तेवढं साधलं तर पुढची बहुतेक संकटं उभीच राहत नाहीत. ते आपली वाट धरतं, तुम्ही तुमची.

सिएटलस्थ | मंगळवार, सकाळी 7:05

मी मूळची बडोद्याची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे आणि इथे मुलांना घेऊन तंबूत राहते. म्हणून इथल्या नियमांमागचं कारण सांगते, म्हणजे कुठला उचलायचा आणि कुठला सोडायचा ते ठरवता येईल.

इथलं काळं अस्वल माणसाच्या खाण्याला सोकावतं. एकदा गाडी उघडून खाऊ मिळाला की ते पुन्हा पुन्हा येतं आणि बरेचदा शेवटी त्यालाच मारावं लागतं. म्हणून योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानात रात्र काढायची तर खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवणं बंधनकारक आहे. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं त्या डब्यात, आणि डबा तंबूपासून लांब. यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान 100 यार्ड, म्हणजे 91 मीटर, अंतर ठेवायचा नियम आहे. काळ्या अस्वलाने खरोखर हल्ला केला तर जोरात प्रतिकार करा असं सांगतात. पिल्लांपायी किंवा दचकून धावून आलेली ग्रिझली, म्हणजे इथलं तपकिरी अस्वल, असेल तर पालथं पडून राहा म्हणतात.

मिरचीच्या अर्काचा स्प्रे इथे कमरेला लावून फिरतात. तो कुणी तिकडे घेऊन यायचा विचार करत असेल तर सांगून ठेवते, इथून विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही.

मांडवीकर काका म्हणतात ते वाचून एक प्रश्न पडला. मग आपल्याकडे खाण्याची काळजी घ्यायची काहीच गरज नाही का?

देवगडबारियाकर | मंगळवार, दुपारी 1:30

सिएटलस्थताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि मांडवीकर काकांच्या म्हणण्याला मी थोडी मुरड घालतो. रतनमहालचं अस्वल अजून माणसाच्या खाण्याला सोकावलेलं नाही हे खरं. पण ते सोकावू शकत नाही असं नाही. माउंट आबूला जाऊन बघा. तिथली अस्वलं रात्री हॉटेलांच्या मागचा कचरा हुंगत गावात उतरतात. छत्तीसगडात महासमुंद जिल्ह्यात घुंचापालीच्या चंडी मंदिरात तर अस्वलं प्रसादाला येतात आणि लोक ते बघायला जातात. प्राणी तोच. फरक आपल्या वागण्याचा. तेव्हा कॅम्पवर उष्टं, खरकटं, केळ्याची सालं, गूळ-चिक्कीचे कागद, यातलं काही मागे राहता कामा नये. रात्री खाणं तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करून ठेवा. तिथे मुंग्यांचाही त्रास होतो, त्यासाठी तरी ठेवाच. जवळपास पोळं असेल तर त्याच्याखाली तंबू लावू नका.

आता तुमच्या तारखेबद्दल. माझी नोकरी त्या पट्ट्यात झाली, देवगड बारियाच्या पुढे. होळीनंतरचे दिवस म्हणजे मोहाचा ऐन हंगाम. मोहाची फुलं रात्री आणि पहाटे गळतात. बायामाणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि गुरं-शेळ्या खाऊन टाकतात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात, त्याच वेळी, त्याच झाडाखाली. माणूस आणि अस्वल समोरासमोर येण्याचे जे प्रसंग मी तिकडे ऐकले त्यातले पुष्कळसे मोहाखालचे. बाकीचे पहाटे परसाकडे एकट्याने गेलेल्यांचे, नाहीतर सरपण आणि टेंभुर्णीची पानं आणायला कोतरात, म्हणजे घळीत, उतरलेल्यांचे.

तिथल्या बायका काय करतात ते बघण्यासारखं आहे. एकटी कुणी जात नाही. फळियातून, म्हणजे वाडीतून, निघतानाच मोठ्याने बोलायला लागतात. झाड शंभर पावलांवर आलं की थांबून हाळी देतात, हातातली काठी दगडावर आपटतात, थोडं थांबतात, मग पुढे. कुणी काठीला घुंगरं किंवा बैलाच्या गळ्यातली घंटी बांधतं. पाटणच्या विद्यापीठातल्या अस्वलांच्या अभ्यासकांनी तर अशी घंटीकाठीच तयार करून गावांमध्ये दिली. खर्च जवळजवळ नाही आणि चालताना आपोआप वाजत राहते. स्प्रेपेक्षा मी हिच्यावर भरवसा ठेवेन.

त्यामुळे ताई, तारीख बदलू नका हवं तर, पण पहाटे उठून निघायचा बेत रद्द करा. नीट उजाडून ऊन अंगावर आल्यावर निघा.

वाटसरू_वाडी | मंगळवार, दुपारी 3:10

मोहाचं हे लक्षातच आलं नव्हतं. आम्ही साडेपाचला निघणार होतो, उन्हाचा त्रास नको म्हणून. आता आठच्या आधी कुणालाही कॅम्पबाहेर सोडणार नाही. धबधब्यापर्यंतच जाऊ, त्याच्या वर नको.

रावपुरा_एक्स्प्रेस | मंगळवार, सायंकाळी 6:20

घंटीपेक्षा सुतळी बॉम्बची माळ बरोबर ठेवली तर? आमच्याकडे शेतावर नीलगायी त्यानेच जातात. आणि ब्लूटूथ स्पीकरवर गाणी लावून चाललं तर आवाजही होईल, मुलांनाही मजा.

पानम | मंगळवार, रात्री 8:00

रावपुरा दादा, दोन्ही नको. अभयारण्यात फटाके चालत नाहीत, आणि मार्चमध्ये ते रान वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी पुरे होते. शिवाय फटाका अस्वलाला कुठल्या दिशेने पळवेल ते आपल्या हातात नसतं. ते झाडीतून नेमकं तुमच्याच अंगावर निघू शकतं.

स्पीकरचं म्हणाल तर त्याने आपलेच कान बंद होतात. रानात चालताना फांदी मोडल्याचा, पाचोळा तुडवल्याचा, फुरफुरल्याचा आवाज आपल्यालाही यायला हवा. माणसांनी आपसात साध्या खणखणीत आवाजात बोलत राहणं, वळणावर टाळ्या, एखादी हाळी, एवढं भरपूर होतं.

मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकते आणि त्या भागात पक्षी बघायला जात असते. थोडं सविस्तर लिहिते.

रतनमहाल 1982 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र लहान आहे, 55.65 चौरस किलोमीटर, दाहोद जिल्ह्यात, पार मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. पानम नदी तिथेच उगम पावते. एवढ्या लहान जागेत अस्वलं, बिबटे आणि माणसांची वस्तीही आहे, म्हणून वावरताना जास्त भान ठेवावं लागतं. अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण.

वाटेवर जमिनीकडे बघत चला. वारूळ ताजं उकरलेलं दिसेल. ताजं कसं ओळखायचं? आतली माती ओली आणि गडद असते, कडा धारदार असतात आणि भोकाच्या तोंडाशी वाळवी सैरावैरा पळत असते. एकदा असंच एक वारूळ बघितलं, खालच्या बाजूने हात खांद्यापर्यंत जाईल एवढा बोगदा पाडलेला आणि कडेच्या मातीवर नख्यांच्या समांतर रेघा इतक्या स्वच्छ की बोट घालून मोजता याव्यात. वाळवीने भगदाड बुजवायला नुकती सुरुवात केली होती. बरोबरच्या वनरक्षकांनी काही न बोलता आम्हाला आल्या वाटेने मागे वळवलं. जुनं उकरलेलं वारूळ कडक, फिकट आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेलं असतं, त्याची चिंता नाही. विष्ठा मोठी, ढिगासारखी. तिच्यात बोराच्या-जांभळाच्या बिया, मुंग्यांची टरफलं, या दिवसांत मोहाचा उग्र आंबूस वास. झाडाच्या बुंध्यावर वरपर्यंत ओरखडे असतील तर वर पोळं असणार किंवा होतं. त्यावरून आणखी एक गोष्ट समजून घ्या, अस्वल झाडावर उत्तम चढतं. ते दिसल्यावर झाडावर चढणं हा उपाय नाही.

तीन जागांवर जास्त सावध राहावं. पहिली, ओढ्याकाठची वाट. पाण्याच्या आवाजात तुमचं बोलणं बुडून जातं आणि उन्हाळ्यात पाणी तेवढंच उरतं, सगळे तिथेच येतात. धबधब्याच्या आसपास म्हणून मोठ्याने बोला. दुसरी, घाणेरीची दाट जाळी आणि खडकांतल्या कपारी. दिवसा ते तिथे पडून असतं. मुलांना गुहेत डोकावून बघायचा फार मोह होतो, त्यांना आधीच ताकीद द्या. तिसरी, आंधळं वळण.

आणि पिल्लं. आपल्याकडे पिल्लं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात, म्हणजे होळीच्या सुमारास आई त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडू लागते. पिल्लांना नेहमीच पाठीवर घेऊन फिरणारं अस्वल जगात हेच. पिल्लंवाली मादी नर आणि बिबटे टाळायला दिवसाही फिरते, त्यामुळे दिवसा धोका नाहीच असं समजू नका. पिल्लू दिसलं आणि आई दिसत नसली तर ती जवळच आहे असं धरून मागे फिरा. फोटो नाही, व्हिडिओ नाही.

वाटसरू_वाडी | मंगळवार, रात्री 10:30

पानम, किती छान लिहिलंस. आता अवघड प्रश्न विचारते. एवढं करूनही समोर आलंच तर? मुलं बरोबर असताना कुणी काय करायचं हे मला आधी ठरवून घ्यायचंय.

मांडवीकर | बुधवार, सकाळी 6:50

ताई, हे अंतरावर ठरतं.

लांब आहे, त्याला तुम्ही दिसलेला नाहीत, तर गुपचूप मागे फिरा. वळसा घालायचा तर मोठा घाला, नाहीतर बेत सोडा. त्याला ओलांडून पुढे जायचा हट्ट कशाला?

जवळ आहे आणि त्याने तुम्हाला पाहिलंय, तर थांबा. मुलांना मध्ये घ्या, मोठ्यांनी दाटीने उभं राहा. हळू, शांत आवाजात बोलत राहा म्हणजे आपण माणसं आहोत हे त्याला उमजेल. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर मुलं घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा की उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ते नीट बघायला आणि वास घ्यायला उभं राहतं. मग त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे. त्याची निघून जायची वाट अडवू नका. तुमच्या मागे कडा आणि त्याच्या मागेही कडा अशी जागा असेल तर तुम्ही बाजूला सरा.

पळायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. ते दिसायला ढोबळ, पण माणसाला सहज गाठतं, आणि पळणारा माणूस एकटा पडतो. हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. सात वर्षांच्या मुलाचा हात सबंध वाटेवर एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. कोण ते घरीच ठरवा.

धावून आलं तरी जागा सोडू नका. सगळ्यांनी एकत्र ओरडायचं, काठ्या जमिनीवर आपटायच्या. पुष्कळदा ते काही पावलांवर येऊन थबकतं, फुरफुरतं आणि वळतं.

आणि थांबलं नाही, अंगाला भिडणारच असं झालं, तर पालथं पडायचं. पोट जमिनीला, पाय थोडे फाकवून म्हणजे उलटवता येणार नाही, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफून, कोपरं कानांजवळ आवळून. पाठीवर सॅक असेल तर राहू द्या, तीच ढाल. हालचाल नाही, ओरडणं नाही. त्याला तुम्हाला खायचं नसतं, तुमच्यापासून धोका टळला असं वाटलं की ते निघून जातं. गेल्यावरही लगेच उठू नका, लांब गेल्याची खात्री करा.

रावपुरा_एक्स्प्रेस | बुधवार, सकाळी 11:00

फटाक्यांचं पटलं, मागे घेतो. पण पालथं पडून राहायचं हे मनाला पटत नाही. छोटा उदेपूरकडच्या माणसांनी कुऱ्हाडीने अस्वलाला हुसकावल्याच्या गोष्टी मी स्वतः ऐकल्यात. आपण दहा जण, हातात काठ्या. मग निमूट का पडायचं?

देवगडबारियाकर | बुधवार, दुपारी 2:15

रावपुरा, तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. फक्त कुणी हुसकावलं ते बघा. ज्याच्यावर अस्वल बसलेलं असतं त्याने नाही, धावून आलेल्या बाकीच्यांनी. खाली सापडलेल्या माणसाने हात झाडायला सुरुवात केली की तोंड उघडं पडतं, आणि त्याचा पहिला वार डोक्या-तोंडावरच येतो. तेव्हा जो सापडला त्याने तोंड जमिनीत लपवायचं, आणि बाकीच्यांनी घोळक्याने ओरडत, काठ्या आपटत त्याला हटवायचं. एकेकट्याने पुढे जाऊ नये, नाहीतर दुसराही सापडतो. आणि रानात कुऱ्हाड घेऊन आपल्यासारख्यांनी जाणं कायद्यालाही धरून नाही.

टाकेवाली | बुधवार, रात्री 11:45

मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया विभागात काम करते. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही, कारण पालथं पडायचं की नाही यावर तुम्ही बोलताय आणि त्याचं उत्तर मी टेबलावर बघितलंय.

अस्वलाच्या नख्या लांब, वाकड्या, वारूळ फोडायला बनलेल्या. चेहऱ्यावर एक फटका बसला की डोळा, नाक, गालाचं हाड, जबडा, सगळं एकदम जातं. कवटीवरची कातडी केसांसकट सोलून निघते. माणूस बहुतेक वेळा वाचतो. पण पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया, आणि जेवताना, बोलताना, आरशात बघताना ते सगळं आयुष्यभर राहतं. पाठीवरची, दंडावरची जखम मी शिवू शकते आणि ती बरी होते. गेलेला डोळा मला परत देता येत नाही. म्हणून तोंड वाचवा. हात, खांदे, पाठ, काय द्यायचं ते द्या, पण तोंड आणि मान वाचवा.

दुर्दैवाने कुणी जखमी झालंच तर आधी अस्वल लांब गेल्याची खात्री करा. मग रक्त थांबवणं. डोक्यातून रक्त फार वाहतं, बघून हातपाय गळतात. स्वच्छ कापड घडी करून घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. कातडीचा लोंबणारा तुकडा कापू नका, ओढू नका. तो अलगद आपल्या जागी बसवून वर ओलसर स्वच्छ कापड ठेवा. पुष्कळदा तो पुन्हा जोडला जातो. डोळ्याला इजा असेल तर डोळ्यावर दाब देऊ नका, वरून फक्त झाका. नाका-जबड्याला लागलं असेल तर माणसाला उताणं झोपवू नका, रक्त घशात उतरून श्वास कोंडतो. बसता येत असेल तर पुढे झुकवून बसवा, नाहीतर कुशीवर. हळद, चुना, तंबाखू, झाडपाला यातलं काहीही जखमेत भरू नका. तोंडाने पाणी, चहा देऊ नका, भूल द्यावी लागणार असते.

रक्त आटोक्यात असलेल्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायच्या. अस्वलालाही रेबीज होऊ शकतो. रानटी प्राण्याच्या चाव्याला रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शनही. जखम लहान आहे म्हणून हे टाळू नका.

108 ला फोन करा, पण रतनमहालच्या आत मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून चालू नका. कॅम्पवर पोचल्याबरोबर विचारून ठेवा की रेंज कुठे येते, वनरक्षकांशी संपर्क कसा होतो, सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला. एक गाडी रात्रभर बाहेर तोंड करून, किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत, अशी उभी ठेवा. पिशवीत मोठ्या गॉजच्या घड्या, रुंद क्रेप बँडेज, सलाइनच्या दोन बाटल्या आणि हातमोजे असू द्या. आयोडीनची छोटी बाटली आणि चार बँडएड याला पुरत नाहीत.

वाटसरू_वाडी | गुरुवार, सकाळी 9:20

ताई, वाचताना पोटात गोळा आला, पण हेच हवं होतं. मुलांचं आता पक्कं करून घेते. सॅक, हात, कोपरं, सगळं. औषधांची पिशवी माझ्या नणंदेकडे, ती फार्मासिस्ट आहे.

रात्रीचं विचारायचं राहिलं. सासूबाईंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं, आणि स्वच्छतागृह तंबूपासून थोडं लांब असतं म्हणतात.

देवगडबारियाकर | गुरुवार, दुपारी 12:40

त्यांचा तंबू स्वच्छतागृहाच्या सगळ्यात जवळ घ्या, हे बुकिंग करतानाच सांगून ठेवा. रात्री एकट्या नाहीच, सोबत एक जण. तंबूची चेन उघडण्याआधी आतूनच खाकरायचं, मग चेन थोडी उघडून मोठी टॉर्च सगळीकडे फिरवायची, मगच पाय बाहेर. मोबाइलचा दिवा पुरत नाही. शाल-चपला चाचपत अंधारात निघायची आपल्याकडे सवय असते, ती दोन दिवस बंद. चप्पल नको, बूट, कारण विंचू-साप हा अस्वलापेक्षा रोजचा धोका आहे.

जेवणं आटोपली की कॅम्पच्या आवाराबाहेर कुणी चक्कर मारायला जायचं नाही. चांदणं कितीही सुंदर असलं तरी नाही. आणि मुक्कामाची परवानगी घेतलेल्या जागेवरच राहा. नदीकाठी छान वाळू दिसली म्हणून तिथे तंबू ठोकायचा प्रकार काही गट करतात, तो बेकायदाही आहे आणि प्राण्यांच्या पाणवठ्याच्या वाटेवर झोपण्यासारखाही.

रावपुरा_एक्स्प्रेस | गुरुवार, सायंकाळी 5:00

आमच्या सोसायटीतले एक जण नेहमी त्यांचा लॅब्राडोर घेऊन ट्रेकला येतात. कुत्रा बरोबर असला तर आधी चाहूल लागेल ना?

पानम | गुरुवार, सायंकाळी 5:35

चाहूल लागेल, पण नंतर काय होतं ते ऐका. कुत्रा भुंकत अंगावर जातो, अस्वल चवताळतं, कुत्रा घाबरून मालकाकडे पळत येतो आणि मागोमाग अस्वल. अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायला तसंही देत नाहीत, त्याच्यापासून रानातल्या प्राण्यांना रोग लागू शकतात. कुत्रा घरीच बरा.

वरची_फणी | गुरुवार, रात्री 9:10

थोडं अवांतर. आम्ही मे महिन्यात हिमाचलला ट्रेकला जातोय. तिथेही हेच नियम लागू का?

पानम | गुरुवार, रात्री 9:50

तिथे अस्वल वेगळं आहे. हिमालयातलं काळं अस्वल थंडीत बहुधा गुहेत पडून राहतं, वसंतात बाहेर येतं, आणि मक्याची शेतं, फळबागा, साठवलेलं अन्न यावर डल्ला मारतं. तिथे सिएटलस्थताईंनी सांगितलेलं खाण्याचं पथ्य जास्त कडक पाळा, तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. लडाखच्या सुरू-द्रास बाजूला तपकिरी अस्वलंही आहेत, ती वस्तीजवळ येतात. गटाने चालणं, आवाज करणं, पळायचं नाही, पिल्लांपासून लांब, आणि पालथं पडून तोंड-मान वाचवणं, हे आपल्या देशात सगळीकडे सारखंच. बाकी तुमच्या ट्रेकच्या स्थानिक वाटाड्याचं ऐका.

वाटसरू_वाडी | शुक्रवार, सकाळी 10:00

आमचं ठरलं ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. शनिवारी सकाळी लवकर निघून दुपारी जेवायच्या वेळेला कॅम्पवर, म्हणजे बारियाच्या पुढचा रस्ता अंधारात येणार नाही. रविवारी नाश्ता करून आठला निघायचं, वनखात्याचा वाटाड्या पुढे, मी शेवटी. चार मोठ्यांकडे घंटीकाठ्या. धाकट्याचा हात माझ्या दिराकडे. बडोद्यात मांडवीला घंट्या बघितल्या, पितळी मिळाल्या. कुत्रा नाही, स्पीकर नाही.

देवगडबारियाकर | शुक्रवार, दुपारी 1:05

बेत चांगला आहे. वाटाड्या त्याच गावचा मागा. त्याला आदल्या रात्री कुठल्या मोहाखाली अस्वल आलं होतं ते सकाळीच कळलेलं असतं, आणि तो त्या बाजूने नेणारच नाही. वाटेत फुलं वेचणारी माणसं भेटली तर झाडाखाली गर्दी करू नका, फुलं तुडवू नका, त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे ते. त्यांना विचारा, पलीकडे काही हालचाल आहे का. बरोबर सांगतात.

घंटी काठीच्या वरच्या टोकाला नको, मुठीच्या खाली वीतभर बांधा. वर बांधली की हात तिच्यावर पडतो आणि ती वाजायची थांबते.

नवा_भिडू | शुक्रवार, सायंकाळी 7:30

आम्ही एका दिवसासाठी जांबुघोडा अभयारण्यात जातोय, झंड हनुमानला दर्शन आणि तिथून रानात थोडं फिरणं. मुक्काम नाही. तिथेही अस्वलं आहेत का?

मांडवीकर | शुक्रवार, रात्री 8:15

आहेत, बिबटेही आहेत. देवळापर्यंत वर्दळ असते, शनिवारी तर चांगलीच, तिथवर फारशी काळजी नाही. पण देवळामागून रानात शिरणाऱ्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्याशिवाय जाऊ नका, आणि ऊन उतरायच्या आत रस्त्याला लागा. नारळ-पेढ्यांच्या पिशव्या माकडं हिसकावतात, त्या मुलांच्या हातात देऊ नका.